एका पावलाचा न्याय : विनू मंकड

पालघर, खास प्रतिनिधी –

पावसाळा सरला, भातकापणी आटोपली की पालघर, बोईसर आणि तारापूर परिसरातील मैदानांवर क्रिकेटच्या स्पर्धांना रंग चढू लागतो. औद्योगिक वसाहतीतील कामगार, महाविद्यालयीन विद्यार्थी, किनाऱ्यावरील गावांतील तरुण अशा सर्वांचे संघ सुटीच्या दिवशी मैदानात उतरतात. या सामन्यांत लहानसहान वाद होतात आणि मिटतातही. मात्र एक वाद असा आहे, की तो उद्भवला म्हणजे खेळ थांबतो. गोलंदाज धावत येतो, चेंडू हातातून सोडत नाही आणि क्रीज सोडून पुढे गेलेल्या नॉन-स्ट्रायकरच्या बाजूच्या बेल्स उडवतो. अपील होते. फलंदाजी करणारा संघ खिलाडूवृत्तीची आठवण करून देतो, क्षेत्ररक्षण करणारा संघ नियमाचे पुस्तक पुढे करतो आणि दोघांच्या मध्ये उभा असलेला पंच एकाकी पडतो.

या प्रकाराला मैदानावर एकच नाव आहे, ते म्हणजे मंकड. हे नाव एका माणसाचे आहे, याची कल्पना आज अनेकांना नसते. तो माणूस भारताच्या पहिल्या कसोटी विजयाचा शिल्पकार होता, जगातील अव्वल अष्टपैलू खेळाडूंमध्ये त्याची गणना होत असे आणि ज्या कृतीमुळे त्याचे नाव वादाशी जोडले गेले, ती कृती नियमाला धरूनच होती, याची कल्पना तर त्याहूनही कमी जणांना असते.

जामनगर ते मुंबई

मूळवंतराय हिंमतलाल मंकड यांचा जन्म १२ एप्रिल १९१७ रोजी जामनगर येथे झाला. विनू हे त्यांचे लाडके नाव पुढे जगभर रूढ झाले. जामनगर म्हणजे तत्कालीन नवानगर संस्थान. रणजितसिंहजी आणि दुलीपसिंहजी यांच्यामुळे या संस्थानात क्रिकेटला राजाश्रय लाभला होता. ससेक्सचे व्यावसायिक खेळाडू बर्ट वेन्सली तेथे प्रशिक्षक होते. त्यांच्या देखरेखीखाली मंकड यांची डावखुरी फिरकी आकाराला आली. १९३६-३७ च्या मोसमात नवानगरने रणजी करंडक जिंकला, तेव्हा विनू मंकड अवघे १९ वर्षांचे होते.

पुढच्याच मोसमात लॉर्ड टेनिसन यांचा इंग्लिश संघ भारतात आला. त्या दौऱ्यातील अनधिकृत कसोटी सामन्यांत मंकड यांनी फलंदाजी आणि गोलंदाजी या दोन्ही आघाड्यांवर सरासरीत अव्वल स्थान पटकावले. आंतरराष्ट्रीय क्रिकेटचे दार उघडणार असे दिसत असतानाच दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि खेळाडूच्या आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे त्यात वाहून गेली. कसोटी पदार्पणासाठी त्यांना १९४६ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा त्यांचे वय २९ होते.

विलंबाची भरपाई त्यांनी पहिल्याच दौऱ्यात केली. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १,१२० धावा केल्या आणि १२९ बळी घेतले. एकाच दौऱ्यात सहस्र धावा आणि शंभर बळी अशी कामगिरी दुसऱ्या कोणत्याही भारतीय खेळाडूला साधलेली नाही. पुढे मुंबई हीच त्यांची कर्मभूमी झाली. रणजी स्पर्धेत ते अनेक संघांकडून खेळले, त्यांत महाराष्ट्र आणि मुंबई हे दोन्ही संघ होते.

सिडनीतील ती दुपार

देश स्वतंत्र झाल्यानंतर भारतीय संघाचा पहिला परदेश दौरा १९४७-४८ मध्ये ऑस्ट्रेलियात झाला. लाला अमरनाथ कर्णधार होते. समोर डॉन ब्रॅडमन यांचा बलाढ्य संघ होता. नोव्हेंबरमध्ये सिडनी येथे ऑस्ट्रेलियन एकादश संघाविरुद्ध सामना झाला. ब्रॅडमन यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमधील आपले शंभरावे शतक झळकावले ते याच सामन्यात. मात्र सामना जिंकला भारतीय संघाने आणि दुसऱ्या डावात ८४ धावांत ८ बळी घेणारे मंकड त्या विजयाचे मानकरी ठरले.

याच सामन्यात सलामीवीर बिल ब्राउन नॉन-स्ट्रायकरच्या टोकाकडून चेंडू सुटण्यापूर्वीच पुढे सरकत असल्याचे मंकड यांच्या लक्षात आले. त्यांनी आधी ताकीद दिली. ब्राउन यांनी पुन्हा तीच चूक केली, तेव्हा मंकड यांनी त्यांना धावबाद केले. महिनाभराने, १३ डिसेंबर १९४७ रोजी, त्याच मैदानावर दुसऱ्या कसोटीत त्याची पुनरावृत्ती झाली. ब्राउन १८ धावांवर असताना पुन्हा क्रीजबाहेर होते. या वेळी मंकड यांनी वेगळी ताकीद दिली नाही. चेंडू हातात राखून त्यांनी बेल्स उडवल्या. पंचांनी ब्राउन यांना बाद ठरवले.

ऑस्ट्रेलियातील वृत्तपत्रांत या घटनेवरून गदारोळ उठला. काहींनी मंकड यांच्या खिलाडूवृत्तीवर बोट ठेवले. त्यांच्या आडनावाचे क्रियापद तयार झाले आणि ते इंग्रजी क्रीडापत्रकारितेत कायमचे रुजले. वस्तुतः अशा प्रकारे फलंदाज बाद होण्याचे प्रसंग इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकातही घडले होते. त्या गोलंदाजांची नावे मात्र कोणाच्या लक्षात राहिली नाहीत.

ज्यांना तक्रार करण्याचा सर्वाधिक अधिकार होता, त्यांनी मात्र तक्रार केली नाही. प्रतिस्पर्धी कर्णधार ब्रॅडमन यांनी आपल्या आत्मचरित्रात मंकड यांची बाजू घेतली. चेंडू टाकला जाईपर्यंत नॉन-स्ट्रायकरने आपल्या जागेत राहावे, हे नियमात स्पष्ट असताना गोलंदाजाला दोष का द्यावा, हा त्यांचा रोख होता. खुद्द ब्राउन यांनीही पुढे कधी मंकड यांच्याविषयी मनात अढी ठेवली नाही. याच मालिकेत मेलबर्न येथे मंकड यांनी ११६ आणि १११ अशी दोन शतके ठोकली. रे लिंडवॉल यांच्यासारख्या वेगवान गोलंदाजासमोर सलामीला येऊन केलेल्या या धावा होत्या. परंतु जनमानसात शतके मागे पडली आणि बेल्स उडवण्याची ती कृती पुढे राहिली.

खेळ सुरू होण्याआधीचा क्षण

या वादाकडे इतर खेळांच्या चष्म्यातून पाहिले तर तो अधिक स्पष्ट होतो. प्रत्यक्ष खेळ सुरू होण्यापूर्वी हालचाल करून फायदा उठवण्याचा मोह प्रत्येक खेळात असतो आणि प्रत्येक खेळाने त्यावर आपापला उपाय शोधला आहे. पालघर जिल्ह्यातील गावोगावी खेळल्या जाणाऱ्या खो-खोमध्ये पाठीवर खो मिळण्यापूर्वी उठणाऱ्या खेळाडूचा फाउल पुकारला जातो. कबड्डीत चढाई करणाऱ्याने प्रतिपक्षाच्या अंगणात पाऊल टाकण्याआधी दम धरला नाही, तर पंच त्याला परत पाठवतात. धावण्याच्या शर्यतीत पिस्तुलाच्या आवाजाआधी निघालेल्या धावपटूला २०१० पासून थेट बाद केले जाते.

तारापूरच्या अणुवीज केंद्राची १९६९ मध्ये सुरू झालेली पहिली दोन युनिट्स ज्या अमेरिकेच्या साहाय्याने उभी राहिली, त्या देशाच्या लाडक्या खेळात तर या क्षणाभोवती नियमांचे एक जाळेच विणलेले आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये मधला खेळाडू जमिनीवरचा चेंडू पायांमधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. स्नॅप होईपर्यंत आक्रमक फळीतील खेळाडूंनी निश्चल राहायचे असते. एकाने जरी खेळ सुरू झाल्याचा भास होईल असा झटका दिला, तरी पंच तत्काळ शिटी वाजवून खेळ थांबवतात आणि संघाला पाच यार्ड मागे ढकलतात. मागच्या फळीतील एका खेळाडूला स्नॅपच्या वेळी चालते राहण्याची मुभा असते, पण ती आडवी किंवा मागे, पुढे नव्हे. बचाव करणारा खेळाडू स्नॅपच्या क्षणी रेषेपलीकडे आढळला तर त्यालाही तोच पाच यार्डांचा दंड होतो.

पंचाचे खरे कौशल्य येथेच लागते. खेळाडूने नुसती मान वळवली की प्रतिपक्षाला फसवण्यासाठी अंग हलवले, स्नॅप आधी झाला की पाऊल आधी उचलले गेले, हे त्याला निमिषार्धात ठरवायचे असते. मात्र शिटी वाजली की प्रेक्षक पंचाला अथवा प्रतिपक्षाला बेइमान म्हणत नाहीत. दोष हलणाऱ्याचा मानला जातो. क्रिकेटमध्ये अनेक दशके नेमके उलटे घडले. वेळेआधी हलणारा फलंदाज निर्दोष राहिला आणि त्याची चूक दाखवून देणारा गोलंदाज आरोपी ठरला.

कर्तृत्वाचा आलेख

मंकड यांनी या टीकेला उत्तर दिले ते मैदानावरच्या कामगिरीने. १९५१-५२ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा त्यांनी मालिकेत ३४ बळी घेतले. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे झालेल्या अखेरच्या कसोटीत त्यांनी पहिल्या डावात ५५ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात ५३ धावांत ४ बळी टिपले. भारताने एक डाव आणि ८ धावांनी विजय मिळवला. १९३२ मध्ये कसोटी खेळू लागलेल्या भारताचा हा पहिलाच कसोटी विजय होता.

तरीही त्याच वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यासाठी त्यांना संघातील स्थानाची हमी मिळाली नाही. चरितार्थाचा विचार करून त्यांनी लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डन क्लबशी करार केला. लीड्सच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात भारताचे चार फलंदाज शून्य धावसंख्येवर तंबूत परतले आणि क्रिकेट मंडळाला मंकड यांची आठवण झाली. क्लबकडून त्यांना उसने मागून घेण्यात आले. लॉर्ड्सवरील दुसऱ्या कसोटीत त्यांनी सलामीला येऊन ७२ धावा केल्या, मग ७३ षटके टाकून ५ बळी घेतले आणि लगेच पुन्हा फलंदाजीला उतरून १८४ धावा फटकावल्या. दुसऱ्या डावातही त्यांनी २४ षटके टाकली. सामना इंग्लंडने जिंकला, तरी क्रिकेटच्या इतिहासात ती कसोटी मंकड यांच्या नावानेच ओळखली जाते.

ऑक्टोबर १९५२ मध्ये दिल्लीत पाकिस्तानविरुद्धच्या पहिल्यावहिल्या कसोटीत त्यांनी १३ बळी घेतले. पुढच्याच महिन्यात मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर, त्यांनी आपल्या २३ व्या कसोटीत सहस्र धावा आणि शंभर बळींचा दुहेरी टप्पा पूर्ण केला. इतक्या कमी सामन्यांत हा पल्ला गाठण्याचा त्यांचा विक्रम १९७९ मध्ये इयान बोथम यांनी मोडला. १९५४-५५ च्या पाकिस्तान दौऱ्यात ते भारताचे कर्णधार होते. १९५५-५६ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी मुंबईत २२३ आणि मद्रासमध्ये २३१ धावांच्या खेळी केल्या. मद्रासमध्ये पंकज रॉय यांच्यासह त्यांनी रचलेली ४१३ धावांची सलामीची भागीदारी ५२ वर्षे जागतिक विक्रम म्हणून टिकली. फेब्रुवारी १९५९ मध्ये दिल्लीत अखेरची कसोटी खेळताना त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

एकूण ४४ कसोटी, २,१०९ धावा, ५ शतके आणि १६२ बळी ही त्यांची शिदोरी. पहिल्यापासून अकराव्या क्रमांकापर्यंत प्रत्येक स्थानावर त्यांनी कसोटीत फलंदाजी केली. संघाला ज्या दिवशी जे हवे, ते देणारा हा खेळाडू होता. १९७३ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरवण्यात आले. २१ ऑगस्ट १९७८ रोजी मुंबईत वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र अशोक मंकड यांनी भारताकडून २२ कसोटी खेळल्या आणि मुंबईचे नेतृत्वही केले. नातू हर्ष मंकड यांनी टेनिसमध्ये डेव्हिस चषक स्पर्धेत देशाचे प्रतिनिधित्व केले.

नियमाला लागलेली ७५ वर्षे

मंकड गेल्यानंतरही त्यांच्या नावाचा वाद शमला नाही. १९८७ च्या विश्वचषकात लाहोर येथे वेस्ट इंडिजच्या कोर्टनी वॉल्श यांनी अखेरच्या षटकात क्रीज सोडलेल्या सलीम जाफर यांना बाद केले नाही. त्यांचा संघ सामना हरला आणि उपांत्य फेरीही हुकली. वॉल्श यांच्या दिलदारीचे जगभर कौतुक झाले. १९९२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत कपिलदेव यांनी पीटर कर्स्टन यांना बाद केले, तेव्हा मात्र वादंग माजला. नियम एकच असताना तो न पाळणाऱ्याला सूट देणे हा सद्गुण आणि त्याची अंमलबजावणी करणे हा दुर्गुण, अशी विचित्र वाटणी झाली होती.

नियमांच्या संहितेतही हीच द्विधा होती. २००० च्या संहितेत ही तरतूद उचित आणि अनुचित खेळाच्या प्रकरणात होती आणि तिचे शीर्षक गोलंदाजाच्या प्रयत्नावर बेतलेले होते. गोलंदाजाने चेंडू टाकण्यासाठी अखेरची झेप घेण्यापूर्वीच यष्टी उडवणे त्यात अपेक्षित होते. साहजिकच त्यानंतर फलंदाज खुशाल पुढे सरकू लागले. २०१७ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने शीर्षक बदलून नॉन-स्ट्रायकर वेळेआधी जागा सोडतो, यावर बोट ठेवले आणि गोलंदाज चेंडू सोडण्याची अपेक्षा असते त्या क्षणापर्यंत फलंदाजाला क्रीजमध्ये राहणे भाग पाडले. १ ऑक्टोबर २०२२ पासून ही तरतूद अनुचित खेळाच्या प्रकरणातून काढून सरळ धावबादच्या ३८ व्या नियमात समाविष्ट झाली. सिडनीच्या घटनेला तेव्हा जवळपास ७५ वर्षे होत आली होती.

योगायोग असा, की त्याच्या अवघ्या एक आठवडा आधी, २४ सप्टेंबर २०२२ रोजी, लॉर्ड्सवर भारताच्या दीप्ती शर्मा हिने इंग्लंडच्या चार्ली डीन हिला याच पद्धतीने बाद करून सामना जिंकून दिला. मंकड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोटीचे हेच मैदान. टीका पुन्हा झाली. पण या वेळी नियम काय सांगतो, हे ठणकावून सांगणारे आवाजही तितकेच होते.

नवा नियम पंचांची परीक्षा मात्र संपवत नाही. जानेवारी २०२३ मध्ये मेलबर्न येथे अॅडम झॅम्पा यांनी नॉन-स्ट्रायकरच्या यष्टी उडवल्या, पण तोवर त्यांचा हात फिरून पुढे गेला होता. म्हणून तिसऱ्या पंचांनी फलंदाजाला नाबाद ठरवले. त्यानंतर त्याच महिन्यात क्लबने नियमाची भाषा अधिक स्पष्ट केली. गोलंदाजाचा हात त्याच्या शैलीतील सर्वोच्च बिंदूला पोहोचेपर्यंतच त्याला ही संधी असते. तो बिंदू उलटला की संधी संपते.

नावाचे ऋण

मोठ्या सामन्यांत हा निर्णय देण्यासाठी कॅमेरे असतात, तिसरा पंच असतो. पालघर-बोईसरच्या मैदानावर यांपैकी काहीच नसते. गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या पंचाला नो-बॉलसाठी गोलंदाजाचा पाय पाहायचा असतो, हात पाहायचा असतो आणि त्याच क्षणी फलंदाज जागेवर आहे की नाही, हेही ध्यानात ठेवायचे असते. अनेकदा हा पंच फलंदाजी करणाऱ्या संघातलाच असतो. अशा वेळी वाद टाळण्यासाठी काही आयोजक हा प्रकार चालणार नाही, असे आधीच जाहीर करतात, तर काही एकदा ताकीद देण्याची अट घालतात. स्थानिक सामन्यांच्या सोयीसाठी ते समजण्यासारखे आहे. परंतु नियमात ताकिदीची सक्ती नाही, हे पंचाला आणि खेळाडूंनाही ठाऊक असायला हवे. सामन्यापूर्वीच दोन्ही कर्णधारांना नियम समजावून सांगितला, तर पुढचा बराचसा कलह टळू शकतो.

ज्या मातीतून शार्दूल ठाकूर भारताच्या कसोटी संघापर्यंत पोहोचला, त्या मातीतील मुलांसाठी मंकड हे नाव दुसऱ्या अर्थानेही महत्त्वाचे आहे. देशातील १९ वर्षांखालील मुलांची एकदिवसीय स्पर्धा विनू मंकड करंडक या नावाने खेळली जाते. पहाटेच्या गाडीने किट बॅग खांद्यावर टाकून मुंबईच्या मैदानांकडे निघणाऱ्या मुलांच्या स्वप्नात हा करंडक असतो. एकीकडे ज्याच्या नावाचा करंडक उंचवायचा, त्याच नावाचा दुसरीकडे शिवीसारखा वापर करायचा, ही विसंगती आहे. हे नाव अशा रीतीने वापरण्यास सुनील गावसकर यांनी वारंवार आक्षेप घेतला आहे. चूक ब्राउन यांची असताना नाव मंकड यांचे का, हा त्यांचा सवाल रास्त आहे.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने जून २०२१ मध्ये मंकड यांचा हॉल ऑफ फेममध्ये समावेश केला. नियमावलीत या बाद होण्याला आता केवळ धावबाद असे नाव आहे. तोच शब्द गावच्या मैदानावर रुळला आणि मंकड हे नाव मद्रासच्या विजयासाठी, लॉर्ड्सच्या १८४ धावांसाठी, टिच्चून टाकलेल्या षटकांसाठी घेतले जाऊ लागले, तर या थोर खेळाडूचे थकलेले ऋण काही अंशी फिटेल. बाकी नॉन-स्ट्रायकरने करायचे ते एवढेच, की चेंडू सुटेपर्यंत आपली बॅट क्रीजमध्ये टेकवून ठेवायची.